बारीक माणसाला कसली आलीय शुगर?

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमचं तीन दिवसांचं शिक्षक प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झालं आणि हॉलच्या दारात एक टेबल मांडलेलं दिसलं. रक्तदाब आणि शुगर, मोफत तपासणी. माझ्याबरोबरची सहकारी अंगाने भरलेली आहे. ती टेबलाला वळसा घालून निघाली. म्हणाली, "नको गं बाई, आकडा बघितला की रात्रभर झोप लागत नाही."

मी तिचा हात धरला. "काही होत नाही. बघ, आधी मी करते, मग तू कर."

मी आमच्या शाळेतली सगळ्यात बारीक शिक्षिका. वय ४४, उंची पाच फूट एक इंच, वजन ४७ किलो. लग्नातला शरारा आजही मला होतो, हे मी चारचौघींत मुद्दाम सांगत असे. माझ्या तपासणीत काही निघणारच नाही याची इतकी खात्री होती की बोट पुढे करताना मी हसत होते.

माझा आकडा आला १८७. तिचा ११८.

टेबलावरच्या मुलाने मशीनकडे पुन्हा एकदा बघितलं. "मॅडम, तुम्हाला शुगर आहे का?"

"नाही."

"घरात कुणाला?"

या प्रश्नावर मात्र माझं हसू गेलं.

माझ्या अम्मीला शुगर होती. अम्मी माझ्यापेक्षाही बारीक. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायचं. बावन्नाव्या वर्षी पायाला चपलेचा खिळा लागला आणि ती जखम दोन महिने भरली नाही, तेव्हा कळलं. तोवर ती बारीक होत चालली आहे ते कामाने, असंच आम्ही सगळे समजत होतो. रात्री चार वेळा लघवीला उठते, ते वयामुळे. सारखं पाणी पिते, ते सोलापूरच्या उन्हामुळे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर होतं. पायाची दोन बोटं काढावी लागली. सहा वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा डोळ्यांनाही कमी दिसत होतं.

ती माझीच अम्मी. तरीही शुगर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लठ्ठ, मिठाईच्या दुकानात बसलेला माणूसच यायचा. मी वर्गात मुलांना म्हणी शिकवते. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही तर दरवर्षी. पण शिकवणं वेगळं आणि कळणं वेगळं.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई हसल्याच. "तेरेकू क्या होने की शुगर? हड्डियां गिन लेव तेरी. ते मशीनच खराब असंल." मुलांचे अब्बा म्हणाले, "जेवल्यावर लगेच तपासली ना, म्हणून." मलाही तेच ऐकायचं होतं. आठवडाभर मी तेच धरून बसले. मग एका रात्री तहान लागून उठले, माठातलं पाणी पीत उभी राहिले आणि अम्मी आठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये गेले.

आकडे असे होते. उपाशीपोटी साखर १०४. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं, त्यानंतर दोन तासांनी १७२. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी, ती ६.१ टक्के. हिमोग्लोबिन १०.२.

डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. उपाशीपोटी १०० च्या आत साखर म्हणजे ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ च्या पुढे मधुमेह. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मी तिन्ही रेघांवर मधल्या खान्यात होते. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक बाईने ऐकावी अशी आहे. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो, खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. रक्ताच्या इतर काही आजारांत तो कमीही दिसतो. म्हणून रक्त कमी असलेल्या बाईने त्या एकाच आकड्यावर न थांबता ग्लुकोज पिऊन तपासणी करावी. माझ्या बाबतीत तीच तपासणी सगळ्यात स्पष्ट बोलली. उपाशीपोटीचा आकडा एकटा पाहिला असता तर "चार पॉइंट वर आहे, चालतंय" म्हणून मी घरी आले असते.

"पण डॉक्टर, मी तर बारीक आहे."

"टेप आहे का घरी? शिंप्याची? कंबर मोजा आणि सांगा."

घरी येऊन बेंबीच्या थोडं वर टेप लावली. ८२ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी धोक्याची रेघ ८० आहे, पुरुषांसाठी ९०. हातपाय काडीसारखे आणि पोट रेघेच्या बाहेर. सैल कमीज, वर ओढणी, बाहेर पडताना त्यावर बुरखा. माझं पोट लोकांना दिसत नव्हतं हे ठीक, पण ते मलाही कधी दिसलं नव्हतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. बी.एड. करताना लागलेली एक सवय अजून आहे, कळलं नाही की वही काढायची. वाचता वाचता पुण्यातच पोचले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाच विषय आयुष्यभर धरला आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे एकसारखे आणि कातडीच्या आत दुपटीहून जास्त फरक. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसं आतून लठ्ठ असू शकतात, हे एवढ्या सोप्या पद्धतीने मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

पण माझ्या मनात घर केलं ते त्यांच्या दुसऱ्या कामाने. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माच्या वेळचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. आपलं बाळ सगळ्याच बाबतींत लहान, पण सगळ्यात जास्त कमतरता स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे बाळ जन्मतःच वरून हडकुळं, आतून चरबीचं. पोटात असताना पोषण कमी पडलं की बाळाचं शरीर आधी मेंदू वाचवतं आणि स्नायू, स्वादुपिंड यांच्यावर काटकसर करतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

हे वाचून वही मिटली आणि बराच वेळ बसून राहिले. १९७२ च्या दुष्काळात माझी नानी आणि तेरा वर्षांची अम्मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, एवढंच खाणं. हे अम्मी आम्हाला गोष्टीसारखं सांगायची, हसत हसत. त्यानंतर नऊ वर्षांनी मी झाले. "मांजरीच्या पिल्लाएवढी होतीस," असं म्हणायची. वजन कुणी केलं नव्हतं. एका माणसाच्या बाबतीत कारण नेमकं असंच होतं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण बारीकपणा ही आमच्या घरातली तब्येत होती की उपासमार होती, हा प्रश्न मी पहिल्यांदा स्वतःला विचारला.

आता थोडं शरीराचं गणित. मला ते कळलं तसं सांगते, वर्गात सांगते तसं.

आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम एक चहाचा चमचाभर, चार-पाच ग्रॅम. आणि आपण एका जेवणात ताटभर भात खातो, त्यातून साठ-सत्तर ग्रॅम साखर तयार होते. एवढा माल रक्ताच्या रस्त्यावर येतो, तो कुठेतरी उतरवायला हवा. त्यासाठी दोन मोठी गोदामं आहेत, यकृत आणि स्नायू. स्नायूंचं गोदाम मोठं, त्यात काहीशे ग्रॅम साखर मावते. इन्शुलिन हा त्या गोदामाची किल्ली घेऊन फिरणारा माणूस. आता ज्याच्या अंगावर स्नायूच कमी त्याचं गोदाम लहान. यकृतात चरबी साठलेली असेल तर कुलूप गंजलेलं. आणि स्वादुपिंड मुळातच लेचंपेचं असेल तर किल्लीवाले कमी. ट्रक रस्त्यावर उभे राहतात. माझे १७२ म्हणजे दोन तासांनंतरही रस्त्यात उभे असलेले ट्रक.

लठ्ठ माणसाला डॉक्टर सांगतात, वजन कमी करा. मला काय सांगणार? मी स्वतःच ठरवून टाकलं, खाणं कमी करायचं. रात्रीचं जेवण बंद केलं. पंधरा दिवसांत वजन दीड किलो उतरलं, पायऱ्या चढताना पाय थरथरायला लागले. डॉक्टर रागावले. म्हणाले, "तुमच्याकडे आधीच स्नायूंचा तुटवडा. उपाशी राहून तुम्ही गोदाम आणखी पाडताय. तुम्हाला नुसतं कमी करायचं नाही, भर घालायची आहे. रोज काय खाता ते चार दिवस लिहून आणा."

मी लिहिलं. खोटं लिहायचं नाही असं ठरवून लिहिलं. आणि त्या कागदावर माझं सगळं लग्न उतरलं.

आमच्याकडे दस्तरखान अंथरलं की आधी पुरुष आणि मुलं बसतात. सासूबाई त्यांच्याबरोबर, वयामुळे. मी गरम गरम आणून वाढते. मटणाचं सालन असेल तर बोट्या मोजूनच येतात, अर्धा किलोत सहा माणसं. मुलांच्या ताटात दोन-दोन, त्यांच्या अब्बांच्या ताटात तीन. मी बसते तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, तळाला एखादं हाड आणि बटाटा. तो रस्सा मी भातावर घेते. भात भरपूर, कारण भात नेहमी उरतो. सकाळी शाळेच्या घाईत चहा आणि दोन बटर किंवा पाव. दिवसभरात पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे. अंडी घरात येतात ती मुलांसाठी. दूध चहापुरतं. डाळ पातळ.

कागद वाचून डॉक्टर एवढंच म्हणाले, "यात तुमच्यासाठी शिजवलेलं काहीच नाही."

मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. कुणी म्हटलं नव्हतं, तू शेवटी जेव. माझी अम्मी अशीच जेवायची, सासूबाई सून असताना अशाच जेवल्या. आणि ही फक्त मुसलमानांच्या घरची गोष्ट नाही. माझ्या मराठा, धनगर, लिंगायत मैत्रिणींना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे वरण खालचं आणि पोळी करपलेली. बारीक बाईचं कौतुक सगळ्या जातीधर्मांत आहे. ती बारीक का, हे विचारणारं कुणी नाही.

त्याच कागदाच्या शेवटी डॉक्टरांनी एक प्रश्न लिहिला होता. बाळंतपणात कधी साखर वाढली होती का? मला आठवलं. धाकटीच्या वेळी, चौदा वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात साखर थोडी वाढलेली म्हणून गोड बंद करायला लावलं होतं. बाळंत झाले, मुलगी २.४ किलोची झाली, सगळे खूश, विषय संपला. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि पुढेही अधूनमधून तपासत राहायचं असतं. मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चौदा वर्षं तो कागद लोखंडी कपाटात निकाहनाम्याच्या पिशवीत होता.

मग काम सुरू झालं. औषध आत्ता नको, तीन महिने बघू, असं ठरलं. भारतातच याचा पुरावा आहे. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ साली छापून आला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. खाणं आणि व्यायाम सांभाळायला ज्यांना सतत मदत मिळाली त्यांच्यात ३९ टक्क्यांना. आणि या लोकांचं वजन फारसं घटलं नव्हतं, तरी फायदा झाला. हे वाचून मला धीर आला. पण त्याचबरोबर हेही कळलं की सगळं करूनही शंभरातल्या ३९ जणांना तो झालाच. हमी कुणाचीच नाही.

पहिलं काम ताटाचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, अंडं, मासे किंवा मटण, पाव ताट भाकरी किंवा भात. आधी भाजी आणि डाळ-अंडं खायचं, भात-भाकरी नंतर. फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. माझ्या वजनाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, असा हिशेब निघाला. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत सातच्या आसपास. दोन अंडी, दोन वाट्या डाळ, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे. महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची भाकरी मी खाते, पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढतेच, हे मी मशीनवर बघितलं आहे. गूळही साखरच आहे आणि मधही.

दुसरं काम चहाचं. पाचाचे दोन केले, साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर. हे सगळ्यात अवघड गेलं. आठ दिवस डोकं दुखलं.

तिसरं, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. मोहल्ल्यात रात्री एकट्या बाईने चालायचं म्हणजे दहा जण विचारणार, कुठं चाललात? म्हणून गच्ची. चौकोनी गच्चीला तीस फेऱ्या. पाय हलले की स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघताही साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं बारीक माणसालाही तेवढंच उपयोगी.

चौथं काम गोदाम बांधण्याचं. आमच्या गावात बायकांची जिम नाही. खुर्चीत बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा, तीनदा. भिंतीला हात लावून जोर काढायचे. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन, म्हणजे पाच-पाच किलो, हातात धरून उचलायचे. आठवड्यातून तीन दिवस. धाकटी मोबाइलवर वेळ लावते आणि मला ओरडते, "अम्मी, चीटिंग नको!" लोहाच्या गोळ्याही चालू केल्या, डॉक्टरांना विचारून.

सल्ले देणारे खूप भेटले. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची भुकटी, मेथ्या. एक शेजारीण दम केलेलं पाणी घेऊन आली. ते पाणी मी प्रेमाने प्यायले, दुआवर माझा भरवसा आहे. पण दुआ मागणाऱ्याने दवा सोडावी असं आपल्या दीनमध्ये कुणी शिकवलेलं नाही.

मग रमजान आला. खरी परीक्षा तिथे. आमच्याकडची इफ्तार म्हणजे खजूर, सरबताचा जग, भजी, समोसे, फालुदा. सरबताच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज जाते, आणि दिवसभराच्या उपासानंतर आपण दोन ग्लास रिचवतो. वर सहरीला चहा-पाव. दिवसभर उपाशी राहून महिन्याअखेरीस वजन वाढतं आणि साखरही, याचं कारण रोजा नाही, आपलं दस्तरखान आहे.

माझ्या अवस्थेत रोजे ठेवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जे इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेतात त्यांनी मात्र रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा. रोज्यात साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं तज्ज्ञ सांगतात. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलायची सवलत कुरआननेच दिली आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं म्हणणं आहे. अम्मी शेवटच्या वर्षांतही लपून रोजे ठेवायची आणि साखर तपासू द्यायची नाही. रोजा मोडेल म्हणायची. तिच्याशी वाद घालायला तेव्हा माझ्याकडे ज्ञानही नव्हतं आणि धीरही.

मी दोन खजुरा आणि पाण्यावर रोजा सोडायचे, बरोबर उकडलेले चणे आणि थोडं फळ. मग मगरिबची नमाज, मग जेवण. सहरीला दोन अंडी, दही, भाकरी, डाळ. भजी कधीतरी दोन. सरबत नाही. सासूबाईंना वाईट वाटलं. सरबत त्याच करतात, गेली पन्नास वर्षं, सब्जा भिजवून. पहिल्या दिवशी माझा ग्लास त्यांनी भरून ठेवला, मी हात लावला नाही, त्या गप्प झाल्या. चौथ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि अम्मीच्या पायाच्या बोटांची गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांना ती माहीत होती. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरी भी देख ले एक बार." वय ७६, वजन ४५. त्यांचीही साखर आयुष्यात कधी कुणी तपासली नव्हती.

त्यांची निघाली, २३१. पुढे लॅबमध्येही नक्की झालं. आता त्यांना गोळी चालू आहे. सरबताचा जग लहान झाला आहे.

वर्षभराने मी पुन्हा ग्लुकोज प्यायले. दोन तासांनी १३६. उपाशीपोटी ९७. एचबीए१सी ५.८, अजून रेघेच्या पलीकडेच. हिमोग्लोबिन ११.९. कंबर ७९. आणि वजन ४९, म्हणजे दोन किलोंनी वाढलं. लग्नातला शरारा आता दंडात घट्ट होतो. नणंद परवा म्हणालीच, "भाभी, अंग धरलंस गं." पूर्वी मला रडू आलं असतं. उंबरठ्यावरून एक पाऊल मागे आले आहे, एवढंच. पाय घसरला की पुन्हा तिथेच. दर वर्षी तपासावं लागणार, आयुष्यभर.

२०२३ साली आयसीएमआरने केलेल्या देशव्यापी अभ्यासाचे आकडे आले. भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक लोक आणि उंबरठ्यावर साडेतेरा कोटींहून अधिक. यातले कितीतरी माझ्यासारखे असतील, काट्यावर उभे राहून निर्धास्त झालेले. म्हणून सांगते. बारीक आहात, पण आईवडिलांना किंवा भावंडांना शुगर आहे, बाळंतपणात साखर वाढली होती, कंबर रेघेच्या बाहेर आहे किंवा वय तिशीच्या पुढे गेलं आहे, तर एकदा तपासून घ्या. आणि बारीक माणसाचं वजन कारणाशिवाय घटत असेल, सारखी तहान आणि लघवी लागत असेल तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. त्यात वेगळ्या प्रकारचा मधुमेहही असू शकतो, त्याला उशीर चालत नाही.

आमच्या घरात आता सगळे एकदम जेवायला बसतो. पातेली मधे ठेवायची, ज्याने त्याने घ्यायचं. ही सवय लागायला सहा महिने गेले, आणि अजूनही भाकरी संपली की सगळे माझ्याकडेच बघतात. मागच्या जुम्म्याला मटण होतं. धाकटी, चौदा वर्षांची, माझ्यासारखीच काडी, हिने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः भातावर नुसता रस्सा घेतला. मी म्हटलं, "बोटी घे."

"राहू दे ना अम्मी, मला रस्साच आवडतो."

मीही माझ्या अम्मीला हेच सांगायचे. मी पळीने दोन बोट्या काढल्या आणि तिच्या ताटात टाकल्या. ती खाईपर्यंत तिथून उठले नाही.